पीएच.डी. गाईडच्या संमतीपत्रावर सही होण्याआधी या चुका टाळा

पीएच.डी. प्रवेशाच्या यादीत नाव लागलं की धावपळ सुरू होते ती गाईडच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या संमतीपत्राची. रिक्त जागांची यादी उघडायची, ओळखीतून नंबर मिळवायचा, केबिनबाहेर थांबायचं. सर किंवा मॅडम 'हो' म्हणाले की सुटलो, असं वाटतं. या घाईत पुढच्या पाच-सहा वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत होऊन जातो. विचारायचं ते सही होण्याआधीच विचारून घ्यावं. एकदा विषय मंजूर झाला की तेच प्रश्न तक्रारीसारखे ऐकू येतात.

पुढचं सगळं प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांच्या संदर्भात आहे. नियमांचा आधार आहे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झालेली यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीएच.डी. नियमावली. त्यावर प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची परिपत्रकं असतात, तीही डाउनलोड करून ठेवा.

ज्याचं उत्तर 'हो'च येणार, असा प्रश्न विचारणं

"सर, तुम्ही वेळ द्याल ना?" याला कोणीही 'नाही' म्हणत नाही. "लवकर होईल ना?" यालाही नाही. असे प्रश्न विचारून घरी आलात तर हातात आश्वासन असतं, माहिती नसते. प्रश्न मागे काय घडलं याबद्दल विचारा, म्हणजे उत्तर तारखेत किंवा आकड्यात येतं.

"आपल्याकडे शेवटचे जे तीन प्रबंध सादर झाले, त्यांची नोंदणी कोणत्या साली झाली होती?" हा प्रश्न नम्र आहे, सरळ आहे आणि त्यात कोणावर अविश्वास नाही. चांगला गाईड लगेच नावं आणि सालं सांगतो, एखाद्याला उशीर का झाला तेही सांगतो. "ते विद्यार्थ्यावर असतं" एवढंच उत्तर आलं, तर मुद्दा बाजूला नोंदवून ठेवा आणि स्वतः तपासा. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मार्गदर्शकाच्या नावाने प्रबंध शोधता येतात. नोंदणीची तारीख दिली असेल तर पूर्ण होण्याच्या तारखेशी ताडून पाहा. नसेल तर निदान किती प्रबंध झाले, कोणत्या विषयांवर झाले आणि शेवटचा कधी झाला, एवढं कळतं.

हा आकडा महत्त्वाचा का? नियमाप्रमाणे कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून किमान ३ वर्षं आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २, म्हणजे एकूण ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. ज्या गाईडचे सगळेच विद्यार्थी पुनर्नोंदणीत गेलेले दिसतात, तिथे दोष एकेका विद्यार्थ्याचा असणं कठीण आहे.

निवृत्तीची तारीख विचारायला लाजणं

हा प्रश्न उद्धट वाटतो म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. नियम असा आहे की निवृत्तीला ३ वर्षांहून कमी सेवा उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून लोक समजतात की ज्याला घेता येतंय त्याच्याकडे पुरेसा वेळ असणारच. हिशेब मांडून पाहा. समजा, गाईडची साडेतीन वर्षं उरली आहेत. कोर्सवर्क आणि विषयाची मंजुरी यात पहिलं वर्ष सहज जातं. पुढे क्षेत्रकाम किंवा प्रयोग दोन वर्षं. लेखनाला हात घालता तेव्हा निवृत्तीला जेमतेम सहा महिने उरलेले असतात, आणि लेखन संपण्याआधीच गाईड निवृत्त होऊ शकतात.

निवृत्तीनंतर ते वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, पण मुख्य मार्गदर्शक म्हणून सेवेतल्या दुसऱ्या कोणाचं तरी नाव लागतं. हे नवे गृहस्थ तुमच्या विषयात रस घेतीलच असं नाही. त्यांच्याकडे जागा रिकामी असेलच असंही नाही. केंद्रीय संस्थांमधलं आणि राज्य विद्यापीठांमधलं निवृत्तीचं वय वेगळं असतं, त्यामुळे अंदाज बांधू नका, विचारा: "मॅडम, आपली सेवा कोणत्या वर्षापर्यंत आहे? त्यानंतर माझं काम सुरू राहिलं तर मुख्य मार्गदर्शक म्हणून विभागातलं कोण असेल?" दुसऱ्या अर्ध्या भागाला नावानिशी उत्तर मिळालं, तर निवृत्तीची अडचण बरीचशी सुटते. अशा गाईडकडे जायला हरकत नाही.

'जागा मोकळी होतेय' यावर विसंबणं

एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. "एकाचा प्रबंध आता जमा होतोय, मग तुमची जागा" हे वाक्य ऐकू आलं की समजा, जागा आज नाही. त्या विद्यार्थ्याचा प्रबंध लांबला की तुमची नोंदणीही लांबते, आणि दरम्यान प्रवेशफेरी संपून जाते. विद्यापीठाच्या प्रसिद्ध यादीत रिक्त जागा दिसते का, ते पाहा. दिसत नसेल तर पीएच.डी. विभागात जाऊन विचारा. तिथल्या लिपिकाला हे गाईडपेक्षाही नेमकं माहीत असतं.

पात्रताही याच वेळी बघून घ्या. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांचे तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापणाऱ्या (पीअर-रिव्ह्यूड किंवा रेफरीड) नियतकालिकांत किमान ५ शोधनिबंध लागतात, सहायक प्राध्यापकांचे ३. आणि विद्यापीठाने दिलेली गाईडची मान्यता तुमच्याच विषयात आहे ना, तेही तपासा.

"तुमचा विषय घ्या, मी सही करतो" ऐकून खूश होणं

स्वातंत्र्य मिळालं असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही एकटे पडता. परीक्षकांची नावं सुचवण्यात गाईडचा वाटा मोठा असतो. प्रबंध तपासायला गाईडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक असतात. ज्याला तुमच्या क्षेत्रातली माणसं माहीत नाहीत, त्याने सुचवलेला परीक्षक तुमची पद्धत न समजता दुरुस्त्या लावतो. तुमच्या कामाची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीतही तुमची बाजू मांडायला कोणी उरत नाही.

भेटीला जाताना एका पानाचं टिपण न्या: संशोधनाचा प्रश्न काय, सामग्री कुठून येणार, पद्धत कोणती. मग विचारा, "या कामात मला कशाची तयारी कमी पडेल?" विषय जाणणारा गाईड इथे नेमकं बोलतो. मराठेशाहीच्या महसुलावर काम करायचं असेल तर तो विचारेल, मोडी वाचता येते का, पुण्याच्या पुराभिलेखागारातली पेशवे दफ्तरं कधी पाहिली आहेत का. रसायनशास्त्रात असाल तर सांगेल, विभागात कोणतं उपकरण आहे आणि कोणते नमुने आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (मोठी विश्लेषण उपकरणं असलेल्या) केंद्राकडे पाठवावे लागतात. तिथे लगेच पुढचा प्रश्न विचारा: त्या चाचण्यांचं शुल्क कोण भरतं? आकस्मिक निधीतून (कंटिंजन्सी), प्रकल्पातून की तुमच्या खिशातून? याचं उत्तर न घेता नोंदणी केलेल्यांची कामं चाचणीच्या टप्प्यावर अडकतात.

पैशाचा प्रश्न शेवटी, किंवा कधीच नाही

नेट परीक्षेतून मिळणारी यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये आहे. एकूण मुदत ५ वर्षं. पण ही रक्कम आपोआप येत नाही. दर महिन्याला संस्थेकडून पोर्टलवर पुष्टी जावी लागते, आणि तिथे एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं अशी दोन टप्प्यांची व्यवस्था आहे. गाईड एका महाविद्यालयात आणि संशोधन केंद्र (जिथे तुमची नोंदणी आहे ती संस्था) दुसरीकडे असेल तर हजेरीवर सही एकाची आणि पुष्टी दुसऱ्याची, अशी फरफट होते. म्हणून विचारा: हजेरी कुठे लावायची, आठवड्यातून किती दिवस, आणि मासिक पुष्टी कोण करतं. केंद्रात आत्ता फेलोशिप घेणारा विद्यार्थी असेल तर त्याला विचारा, मागच्या सहा महिन्यांत पैसे कोणकोणत्या महिन्यांत अडले.

दोन वर्षांनी जेआरएफवरून एसआरएफवर जाताना समिती कामाचं मूल्यमापन करते. तोवर प्रगतीच्या बैठकाच वेळेवर झालेल्या नसतील तर कागद अडतात. सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण व्हायलाच हवं, असा नियम आहे. "मागच्या दोन बैठका कोणत्या तारखांना झाल्या?" असं विचारा. तारखा सांगता येत असतील तर केंद्र जागं आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या अटी वेगळ्या असतात. त्यांची माहितीपत्रकं सोबत नेऊन गाईडना दाखवा, कारण सह्या त्यांच्याच लागणार आहेत.

विज्ञानशाखांत आणखी एक गफलत होते. एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या निधीतून मिळणारी जेआरएफ आणि नेटची जेआरएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्प संपला की पगार संपतो, पीएच.डी. संपलेली नसते. मंजुरीपत्रावर प्रकल्पाची शेवटची तारीख कोणती आहे, हे विचारा आणि त्यानंतरच्या महिन्यांचं काय, तेही.

गाईडने दिलेल्या दोन नंबरांवरच थांबणं

गाईड ज्यांचे नंबर देतात ते खूश असलेले विद्यार्थी असतात. त्यांच्याशी बोलाच, पण आणखी तिघांना गाठा: मागच्या दोन वर्षांत पदवी मिळालेला एक, तिसऱ्या वर्षाच्या पुढे असलेला एक आणि शक्य असेल तर सोडून गेलेला एक. फोनवरच बोला. लेखी संदेशात कोणी खरं लिहीत नाही, आणि लिहावं अशी अपेक्षाही धरू नये. ऐकलेलं कोणाच्या नावाने पुढे सांगू नका.

त्यांना मत विचारू नका, मोजता येईल असं विचारा. शेवटचं प्रकरण दिल्यावर किती दिवसांत परत आलं? त्यावर मजकुराबद्दल शेरे होते की फक्त टायपिंगच्या चुका? मागच्या तीन महिन्यांत कामाबद्दल समोरासमोर किती वेळा बोलणं झालं? नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सरांच्या घरची कामं यात महिन्याचे किती दिवस जातात? थोडंफार विभागाचं काम सगळेच करतात, त्यात वावगं काही नाही. पण आठवड्यातले तीन दिवस त्यातच जात असतील, किंवा घरची कामं सांगितली जात असतील, तर तिथे जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे, मग गाईड कितीही नामवंत असोत. गाईड प्राचार्य, नॅक समन्वयक किंवा परीक्षा विभागाचे प्रमुख असतील तर वेळेचा प्रश्न दुप्पट जोर देऊन विचारा.

पेपरांबद्दलही, म्हणजे शोधनिबंधांबद्दलही, यांनाच विचारावं. प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती २०२२च्या नियमावलीत राहिलेली नाही, तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, काम न केलेल्यांची नावं घालावी लागतात का, ते समजून घ्या. गूगल स्कॉलरवर हे काही प्रमाणात उघड दिसतं. यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि गाईडवर आहे. पैसे भरा, चार दिवसांत छापून देतो, असं म्हणणाऱ्या नियतकालिकांत आधीच्या विद्यार्थ्यांचे पेपर दिसले तर सावध व्हा.

नोकरी, घर, बाळंतपण यांबद्दल गप्प राहणं

नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही, त्यामुळे "फक्त सहीला या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे गाईडच्या मर्जीवर नाही, म्हणून प्रक्रिया गाईडला न विचारता कार्यालयात विचारली तरी चालते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या महिला संशोधकांना काम दुसऱ्या संस्थेत नेता येतं, पण ते काम मूळ संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या प्रायोजित प्रकल्पातलं नसेल तरच. गाव बदलण्याची शक्यता असेल तर प्रकल्पाला जोडलेला विषय घेण्याआधी हे ध्यानात ठेवा.

सगळे प्रश्न एकाच बैठकीत, किंवा व्हॉट्सअॅपवर

वीस प्रश्नांची यादी पाठवली तर चांगला माणूसही वैतागतो. गाईडकडे पाचच प्रश्न न्या: आधीच्या प्रबंधांची सालं, सेवेचा कालावधी, विषयाबद्दलचं मत, खर्च कोण करणार आणि भेटीची पद्धत. बाकीचे विद्यार्थ्यांकडून आणि कार्यालयातून मिळवा. अर्ध्या तासाची वेळ आधी मागून घ्या. परतल्यावर त्याच दिवशी छोटा ई-मेल लिहा:

"आदरणीय मॅडम, आज वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. दर पंधरा दिवसांनी भेट, प्रकरण दिल्यावर साधारण तीन आठवड्यांत सूचना आणि चाचण्यांचा खर्च विभागाच्या निधीतून, असं मला समजलं. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावं."

हा करार नव्हे, पण दोघांनाही आठवण राहते.

गाईड परस्पर ठरवला गेला, किंवा निवड चुकलीच

काही विद्यापीठांत मुलाखतीनंतर समितीच गाईड ठरवते. वाटप करताना विशेषज्ञता आणि विद्यार्थ्याने सांगितलेला संशोधनाचा कल पाहायचा असतो. म्हणून मुलाखतीच्या अर्जात आपलं क्षेत्र मोघम लिहू नका. 'मराठी साहित्य' असं न लिहिता '१९७५नंतरचं दलित आत्मकथन' असं लिहा. वाटप झाल्यावरही पहिल्या भेटीत वरचेच पाच प्रश्न विचारा.

बदल करायचाच असेल तर विषय मंजूर होण्याआधी करा. साधारणपणे लागतं ते असं: कारणासह अर्ज, आधीच्या गाईडची हरकत नसल्याचं पत्र, नव्या गाईडचं संमतीपत्र आणि त्यांच्याकडे रिक्त जागा असल्याची खातरजमा. अर्ज संशोधन केंद्राच्या प्रमुखांमार्फत विद्यापीठात जातो. विषय मंजूर झाल्यावर तोच अर्ज पुन्हा समितीपुढे जातो, शीर्षक बदलावं लागू शकतं, आणि सहा वर्षांचं घड्याळ मात्र पहिल्याच तारखेपासून चालू राहतं. आधीचे गाईड पत्र देत नसतील तर भांडत बसू नका. भेटींच्या तारखा, पाठवलेली प्रकरणं आणि न आलेली उत्तरं यांची यादी करून केंद्रप्रमुखांकडे लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. तिथेही हललं नाही तर विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, आणि तिथे हीच तारखांची यादी उपयोगी पडते.