जॉर्जटाउन, फ्लेचर, सैस: नागपूरहून अर्ज करताना आधी नाव तपासा

परदेशी विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या शाळांत (म्हणजे ‘स्कूल’मध्ये) मास्टर्सला अर्ज करायचाय? मग कपाटातून पासपोर्ट बाहेर काढा आणि शेजारी पदवीची गुणपत्रिका ठेवा. निबंध, शिफारसपत्रं, परीक्षा सगळं नंतर. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’ दुसऱ्या रकान्यात असतं. बहुतेकांच्या गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र येतं. आपली गुणपत्रिका मात्र आडनावापासून सुरू होते, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तिच्याकडे बघून ऑनलाइन अर्ज भरला की वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. स्पेलिंगचा घोळ वेगळाच: वानखेडे एका कागदावर डब्ल्यूने तर दुसऱ्यावर व्हीने, गजभियेच्या शेवटी कधी वाय-ई तर कधी आय-ई.

हे किरकोळ वाटतं म्हणूनच राहतं. अर्ज, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) तीन वाटांनी शाळेत पोचतात आणि नाव-जन्मतारखेवरून जोडले जातात. जुळलं नाही तर निकाल तिथे पडून राहतो आणि तुमची फाइल अपूर्ण दिसते. तेव्हा नियम एकच: सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर. जुन्या कागदांवर क्रम किंवा स्पेलिंग वेगळं असेल, तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि त्याचा स्कॅन हाताशी ठेवा. नाव खरोखर बदललं असेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही: लग्नामुळे बदललं असेल तर सहसा विवाह प्रमाणपत्र चालतं, अन्य कारणाने असेल तर राजपत्र लागतं. पासपोर्टच चुकला असेल तर आधी तो बदला. साध्या ३६ पानी पासपोर्टच्या री-इश्यूला १,५०० रुपये लागतात आणि नंबर नवा मिळतो, म्हणून परीक्षेची नोंदणी त्यानंतरच.

शाळा कोणती? जॉर्जटाउनची स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस १९१९ची, अमेरिकेची आजच्या रूपातली परराष्ट्र सेवा १९२४ची. म्हणजे शाळा आधी, सेवा नंतर. टफ्ट्स विद्यापीठाची फ्लेचर १९३३ची, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सैस १९४३ची. युरोपात जायचं तर जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट १९२७पासून आहे. यातल्या कुठल्याही पदवीने भारतीय परराष्ट्र सेवेत थेट प्रवेश मिळत नाही. ते दार यूपीएससीचंच, आणि प्रशिक्षण दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत. घरच्यांना आणि विशेषतः काकांना हे आधीच सांगून ठेवा.

तीन वर्षांची बीए काही शाळांना चालते, काहींना सोळा वर्षांचं शिक्षण (बारावीनंतर चार वर्षं) लागतं. अर्जाची फी भरण्याआधी मेल करून लेखी उत्तर घ्या. सूक्ष्म आणि समष्टी अर्थशास्त्राचा एकेक पेपर झालेला असावा अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षा असते. इतिहास-राज्यशास्त्रवाल्यांनी आणि इंजिनिअरांनी एखादा प्रमाणपत्र देणारा कोर्स आत्ताच सुरू करावा.

टोफेल आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे पाच. जीआरई अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली आहे. प्रत्येक शाळेचं वेगळं बघा. नोंदणी करताना पुन्हा नाव. केंद्रावर पासपोर्टशी नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही बुडते. परीक्षा दिल्यावर नाव बदलून मिळेल या भरवशावर राहू नका.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, सोबत सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, बॅकलॉग असेल तर तीही. कॉलेज स्वायत्त असेल तर आधी कॉलेजच्या परीक्षा कक्षात विचारा. बंद पाकिटं शाळांच्या संख्येपेक्षा दोन जास्त मागा, फ्लॅपवर शिक्का आणि सही आहे का ते खिडकीवरच बघा. पाकीट घरी फोडलं की संपलं. आत छापलेलं नाव मात्र सील होण्यापूर्वी वाचून घ्या. अर्जाच्या यादीत विद्यापीठ ‘नागपूर’ म्हणून सापडलं नाही तर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ने शोधा, दोन नोंदी दिसल्या तर पदवीवर आहे ती निवडा.

शिफारसपत्र सर किंवा मॅडम स्वतः अपलोड करतात, तुम्ही नाही. पोर्टलचा मेल हमखास स्पॅममध्ये जातो, तेव्हा मेल सुटल्या दिवशीच फोन करा. कॉलेजचा ईमेल असेल तर तोच द्या. पेपर तपासणीच्या दिवसांत कुणाला वेळ नसतो, दिवाळीआधीच विचारा. आणि पत्रात तुमचं नाव कसं लिहायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. हो, तिथेही पासपोर्टप्रमाणे.

निबंधात ‘लहानपणापासून देशसेवेची ओढ’ नको. एक प्रदेश, एक प्रश्न धरा. विदर्भातल्याला कापूस शोधायला लांब जावं लागत नाही: २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाचा प्रश्न जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत मांडला. यवतमाळचा भाव आणि जिनिव्हाची वाटाघाट एकाच परिच्छेदात आणता आली तर वाचणारा थांबतो.

या अमेरिकी शाळांची मुदत सहसा तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने असते. तिथली हिवाळ्यातली रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०.२९. तरी दोन दिवस आधी पाठवा, कार्ड पेमेंट अडकतं.

पैसे: जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो, नुसती तीन वर्षांची बीए पुरत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यासाठीच्या दाखल्यांवरचं नाव आजच पडताळा.

अमेरिकेत प्रवेश मिळाला की शाळा आय-२० हे व्हिसासाठीचं प्रवेशपत्र देते. त्यावरचं नाव तपासा, मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग व्हिसासाठी मुंबई. ठसे-फोटो आणि मुलाखत या दोन वेगळ्या भेटी असतात, दुरांतोचं परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (‘फर्स्ट नेम अननोन’) येतं. आय-२०वरही तसंच करून घ्या. विमानाचं तिकीट काढताना एजंटला पासपोर्टचा फोटो पाठवा, नाव फोनवर सांगू नका.