चाचणीपुरत्या डिपेंडन्सी वेगळ्या कशा ठेवाव्यात

डिपेंडन्सी म्हणजे प्रकल्पाला लागणारी बाहेरची तयार पॅकेजेस; त्यांतली काही फक्त चाचण्यांसाठी लागतात आणि ती मुख्य यादीपासून वेगळी नोंदवतात. एखादे पॅकेज चाचणीपुरतेच आहे की नाही, हे त्याच्या नावावरून ठरवू नये. ते कोणकोणत्या फाइलींमधून इम्पोर्ट होते हे शोधून ठरवावे. जेस्ट, पायटेस्ट किंवा जेयुनिट या चाचण्या चालवणाऱ्या साधनांबाबत सहसा शंका उरत नाही. मात्र नमुना डेटा तयार करणारे पॅकेज चाचण्यांबरोबरच डेमोच्या कोडमध्येही वापरलेले असेल आणि तो डेमो वापरकर्त्यापर्यंत पोहोचत असेल, तर त्याची जागा मुख्य यादीतच आहे.

नोंद कुठे करायची हे बहुतेक पॅकेज मॅनेजरांनी (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनांनी) ठरवून दिलेले आहे. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये 'सेव्ह-डेव्ह' हा पर्याय देऊन पॅकेज बसवले की ते 'डेव्ह-डिपेंडन्सीज'मध्ये जाते, पीएचपीच्या कंपोझरमध्ये 'रिक्वायर-डेव्ह' असते, जावाच्या मेव्हनमध्ये स्कोप 'टेस्ट' लिहावा लागतो आणि ग्रेडलमध्ये 'टेस्ट-इम्प्लिमेंटेशन' वापरतात. पायथनमध्ये 'टेस्ट' नावाचा एक्स्ट्रा (मागितला तरच बसणारा ऐच्छिक गट) करण्याची पद्धत रूढ होती. पण एक्स्ट्रा प्रकाशित मेटाडेटात (पॅकेजबरोबर जाहीर होणाऱ्या माहितीत) दिसतो, म्हणजे आपली घरगुती सोय पॅकेजच्या जाहीर रूपाचा भाग होऊन बसते. २०२४ मध्ये मान्य झालेल्या पेप ७३५ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावामधील डिपेंडन्सी ग्रुप प्रकाशित होत नाहीत, त्यामुळे नव्या प्रकल्पात तेच निवडावेत. गोमध्ये मात्र वेगळी यादीच नाही. चाचणीची मॉड्यूलेही त्याच एका फाइलीत नोंदवली जातात.

नोंद केल्याने काम संपत नाही. विकसकाच्या संगणकावर दोन्ही गट बसवलेले असतात, त्यामुळे मुख्य कोडने चुकून चाचणीचे पॅकेज इम्पोर्ट केले तरी सारे सुरळीत चालते. सीआयमध्येही (कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) चाचण्यांसाठी सगळेच बसवलेले असल्याने चूक तिथूनही निसटते. मेव्हनमध्ये ती कंपाइल करतानाच अडते, कारण मुख्य कोडला 'टेस्ट' स्कोपमधील क्लास दिसतच नाहीत. जावास्क्रिप्ट, पायथन आणि पीएचपीमध्ये असा अडसर नसतो, म्हणून सीआयमध्ये एक स्वतंत्र जॉब ठेवावा: रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करून एनपीएमला 'ओमिट' पर्यायात 'डेव्ह', तर कंपोझरला 'नो-डेव्ह' सांगावे आणि मग ॲप प्रत्यक्ष सुरू करून पाहावे. नुसते इन्स्टॉल यशस्वी होणे हा पुरावा नव्हे. इम्पोर्ट एखाद्या क्वचित चालणाऱ्या फंक्शनच्या आत दडलेला असेल, तर ॲप सुरू करूनही तो सापडणार नाही; तिथे जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या ईएसलिंटच्या इम्पोर्ट प्लगइनमधील 'नो-एक्स्ट्रेनिअस-डिपेंडन्सीज' या नियमासारखी स्थिर (कोड न चालवता होणारी) तपासणी लागते.

रस्टमध्ये गुंता निराळा आहे. एकच क्रेट (रस्टमधील पॅकेज) मुख्य यादीत आणि 'डेव्ह-डिपेंडन्सीज'मध्ये असेल, तर चाचण्या चालवताना दोन्हीकडची फीचर्स (क्रेटचे हवे तरच सुरू करायचे भाग) एकत्र होतात. रस्टच्या २०२१ एडिशनपासूनचा रिझॉल्व्हर (डिपेंडन्सी व त्यांची फीचर्स ठरवणारा भाग) साध्या बिल्डमध्ये ती वेगळी ठेवतो. परिणामी जे फीचर फक्त चाचणीच्या यादीत सुरू केले आहे, त्यावर मुख्य कोड विसंबून असेल, तर रस्टच्या कार्गो या साधनाची 'कार्गो टेस्ट' पार पडते आणि 'कार्गो बिल्ड' कोसळते. दोन्ही आज्ञा सीआयमध्ये चालवाव्यात.

लॉक फाइलमध्ये (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत) चाचणीची पॅकेजेसही नोंदलेली असतात आणि ती तशीच राहू द्यावीत. सुरक्षा तपासणीतून मात्र ती सरसकट वगळू नयेत: ती वापरकर्त्यापर्यंत जात नसली, तरी त्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट सीआयच्या त्याच यंत्रावर चालतात जिथे पुष्कळदा प्रकाशनाची टोकन (पॅकेज प्रकाशित करण्याची परवानगी देणाऱ्या गुप्त किल्ल्या) ठेवलेली असतात.