ग्रीन कार्डचं मेडिकल आता आधीच उरका

नोकरीवरच्या ग्रीन कार्डसाठी पूर्वी आधी आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा) अर्ज भरायचा आणि मेडिकल मागाहून पाठवायचं, असं चालून जायचं. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ (मेडिकलचा फॉर्म) अर्जासोबतच लागतो. नसेल तर अर्ज परत येऊ शकतो. म्हणून व्हिसा बुलेटिनमधली (कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला हे दर महिन्याला सांगणारं सरकारी पत्रक) तारीख तुमच्या तारखेजवळ आली की सिव्हिल सर्जनची (या मेडिकलसाठी अमेरिकी सरकारने नेमलेला डॉक्टर) वेळ घेऊन टाका. लसींची जुनी कार्डं घरून मागवा (बहुधा आईच्या कपाटात असतात). लहानपणीच्या बीसीजीमुळे टीबीची रक्तचाचणी पॉझिटिव्ह येत नाही, ती धास्ती नको. डॉक्टरने दिलेलं आय-६९३ चं सीलबंद पाकीट फोडू नका, स्वतःसाठी वेगळी प्रत मागून घ्या. अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला, तर तोच आय-६९३ पुन्हा चालत नाही. परत तपासणी, परत खर्च.