नर्सरीतली रोपं फिशटँकमध्ये कशी लावावीत

नर्सरीतून आणलेली पीस लिली पहिल्यांदा मी आख्खी पाण्यात बुडवली होती. पंधरा दिवस ती हिरवीगार दिसली. तिसऱ्या आठवड्यात देठ बुळबुळीत झाले आणि महिना भरायच्या आत टाकीतल्या पाण्याला वास मारू लागला. तेच रोप नुसती मुळं पाण्यात सोडून पानं वर ठेवली असती, तर मजेत जगलं असतं.

कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण १०,००० पट हळू तो पाण्यात पसरतो. त्यात जमिनीवरच्या झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पाण्याखाली अशा पानाची उपासमारच होते, फक्त ती दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून ‘दुकानात तर टाकीतच ठेवलं होतं’ यावर विसंबू नका. ड्रसीना, फिटोनिया, मोंडो ग्रास ही रोपं पाणवनस्पती म्हणून सर्रास विकली जातात आणि हळूहळू कुजतात.

१. रोप निवडा

मुळं पाण्यात आणि पानं हवेत ठेवायची असतील तर मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, लकी बांबू आणि स्पायडर प्लांट भरवशाचे. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मनी प्लांटच घ्या, चुका पोटात घालणारं दुसरं इतकं सोशिक झाड नाही.

पूर्ण बुडवायचं असेल तर नर्सरीच्या पाणवनस्पतींच्या कोपऱ्यात शोधा. ब्राह्मी पाण्याखाली चांगली वाढते, पण इथे नावाचा घोळ आहे. आपल्याला हवी ती लहान, जाडसर, चमच्यासारख्या पानांची बाकोपा. गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांची मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणूनच विकली जाते. तिला ओल आवडते, बुडणं नाही.

कण्हेर, पॉइन्सेटिया, डिफेनबाकिया यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा रस विषारी किंवा दाहक असतो.

२. माती पूर्ण काढा

कुंडीतून रोप काढून मुळं बादलीत भिजवा, मग वाहत्या पाण्याखाली बोटांनी मोकळी करा. कोकोपीटमध्ये मोहरीएवढे पिवळे-हिरवे गोळे दिसले तर ते सावकाश विरघळणारं खत असतं. त्यातला एकही टाकीत जाता कामा नये. पांढरे परलाइटचे कण घातक नाहीत, पण तरंगतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. कुजकी, काळी मुळं कापून टाका.

३. वेगळं ठेवा

ही पायरी सगळ्यांना टाळावीशी वाटते आणि मासे मरतात ते बहुतेक इथेच. नर्सरीतल्या रोपांवर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. वरवरचं औषध धुतलं जातं, पण इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या आत, रसात भिनतात. ती कितीही धुतली तरी जात नाहीत. तांबं असलेली बुरशीनाशकंही वापरली जातात आणि कोळंबी-गोगलगायींना तांब्याची थोडी मात्राही पुरते.

तेव्हा रोप साध्या पाण्याच्या बरणीत उजेडात ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. फक्त मासे असतील तर किमान दोन ते तीन आठवडे. कोळंबी असेल तर मी आणलेलं रोप टाकीत लावतच नाही. ते कुंडीत काही महिने वाढवतो आणि नव्या फुटव्याची फांदी कापून घेतो.

गोगलगायींची अंडी नको असतील तर सुरुवातीलाच रोप पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. ते पाणी टाकीजवळही नेऊ नका.

४. लावा

मनी प्लांटची फांदी पेराच्या, म्हणजे पान जिथून फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली कापा. मुळं पेरातूनच फुटतात. नुसत्या देठासकट पान पाण्यात ठेवलं तर मुळं फुटतीलही, पण वेल कधीच होणार नाही. कापलेल्या टोकाचा चीक धुवून टाका. एक-दोन पेरं पाण्यात, सगळी पानं बाहेर. टाकीच्या काठाला क्लिप लावा किंवा काठावर टांगलेला फिल्टर असेल तर फांदी त्यातच खोचा. साधारण दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात.

बाकोपाचे तुरे खालची पानं काढून वाळूत एकेक, थोडं अंतर सोडून खोचा. हवेत वाढलेली जुनी पानं गळतील. घाबरू नका, शेंड्याला नवी पानं येत असतील तर रोप रुळतंय.

५. लक्ष ठेवा

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट मनी प्लांट अधाशासारखं ओढतो, कारण त्याची पानं हवेत असल्याने कार्बनची चणचण त्याला नाही. तरी पाणी बदलणं सोडू नका, झाड सगळीच घाण शोषत नाही.

पाण्याखाली गेलेलं पान लगेच खुडा. मुळं फिल्टरच्या तोंडाशी गेली तर छाटा. गोल्डफिश असतील तर मुळं कुरतडली जाणारच, जाळीची छोटी टोपली आडवी लावली की भागतं. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वेल हाताबाहेर ठेवा, मनी प्लांटचं पान चावलं तर तोंडाची आग होते.

छाटलेल्या फांद्या ओढ्या-तळ्यात टाकू नका. जलपर्णीही शोभेचं झाड म्हणूनच देशोदेशी पोचली होती. फांदी कुंडीत लावायची असेल तर पहिले दोन आठवडे माती चांगली ओली राहू द्या, पाण्यात वाढलेल्या मुळांना कोरड्याची सवय नसते.