आइसलँडला कॅम्परव्हॅनने दोघंच निघालात? या चुका टाळा

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ‘वारा १५’ असं दिसलं तेव्हा आम्ही दोघंही निर्धास्त झालो. १५ म्हणजे काय, पंखा दोनवर! दुसऱ्या दिवशी वीक गावाच्या पुढे, काळ्या वाळूच्या मोकळ्या माळावर गाडी कडेला ढकलली जायला लागली तेव्हा कळलं, तो आकडा ताशी किलोमीटरचा नव्हताच. आइसलँडमध्ये वारा सेकंदाला किती मीटर असा मोजतात. ३.६ ने गुणायचं, म्हणजे १५ चे झाले ५४. त्यातले झोत आणखी जोराचे. उंच पाठीची कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) १५ च्या पुढे हाताबाहेर जायला लागते आणि २० ला तर ती उभीच ठेवावी. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी वारा आणि रस्ते दोन्ही बघायचे, असं आम्ही त्या रात्री ठरवलं.

म्हणूनच बेटाभोवतीचा सुमारे १,३०० किलोमीटरचा रिंग रोड ‘रोज इतके किलोमीटर’ असा वाटून घेऊ नका. दहा दिवस असतील तर दोन रिकामे सोडा. आमचं त्या सहलीतलं एकमेव खरं भांडण झालं ते ‘आज निघायचं की थांबायचं’ यावर, आणि थांबायचं म्हणणारी मी होते. (नवऱ्याचं म्हणणं वेगळं असू शकतं.)

दार उलटं वळलं

गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे. दार उघडताना एक हात दारावरच, आणि दोघांनी दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत, नाहीतर कागदपत्रं, टोप्या, वेफर्स सगळं एका दमात माळावर. वाऱ्याने मोडलेलं दार विम्यात बहुधा धरलेलं नसतं. वाळू आणि राखेने रंग खरवडला, काच खराब झाली, तर त्यासाठी वेगळा विमा असतो. दक्षिण किनाऱ्यावर जाणार असाल तर तो घ्या.

तंबूच्या खुंट्या धरत नाहीत

कॅम्परऐवजी तंबू नेणाऱ्यांची ही तक्रार हमखास असते. आपण सह्याद्रीवाले, ज्वालामुखीचा खडक आपल्याला घरचाच वाटतो. पण आपल्या खडकाला साडेसहा कोटी वर्षं झाली, वर माती साचली. आइसलँडची जमीन त्यामानाने ताजी. लान्डमानालॉइगर या डोंगराळ भागातल्या तळावर खुंटी ठोकली की ती वाकते किंवा खडीत सैल बसते. मोठे दगड ठेवून दोर आवळा.

‘कुठेही पथारी टाकू’

गडावरच्या देवळात पथारी टाकायची सवय इथे चालत नाही. रस्त्याकडेला गाडीत झोपायलासुद्धा जमीनमालकाची परवानगी लागते, त्यामुळे कॅम्पसाइट गाठायचीच. त्यातल्या बऱ्याच सप्टेंबरच्या मध्यानंतर बंद होतात, तेव्हा उशिरा जाणाऱ्यांनी उघड्या असलेल्यांची यादी आधीच काढावी.

पंपावर कार्ड चालत नाही

आडगावातल्या पंपावर माणूस नसतो, यंत्र पिन मागतं. भारतातून निघतानाच कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि पिन पाठ ठेवा. ‘टाकी फुल’ निवडलंत तर यंत्र आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतं. ठरावीक रकमेचं बटण दाबा.

सकाळी अंथरूण ओलं

गळती नाही, तो तुमचाच श्वास. दोन माणसं रात्रभर बंद डब्यात झोपली की काचांवरून पाणी ओघळतं. खिडकी बोटभर उघडी ठेवा. ऊब यावी म्हणून आत शेगडी पेटवून झोपण्याचा विचारही करू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. हीटर मध्येच बंद पडला तर आधी त्याच्या तोंडावर बॅग तर टेकली नाही ना, ते बघा. आमची टेकली होती.

नकाशाने ‘जवळचा रस्ता’ दाखवला

क्रमांकाआधी ‘एफ’ असेल तर फोर-व्हील ड्राइव्हशिवाय तो रस्ता धरायचा नाही, तसा नियमच आहे. त्या वाटांवर पूल नसलेल्या नद्या येतात आणि हिमनदीचं पाणी दुपारी चढतं. पाणी इंजिनात गेलं तर तो खर्च सहसा विम्याबाहेरच राहतो.

फोटोसाठी शेवाळावर पाय

१७८३ साली लाकी ज्वालामुखीच्या भेगेतून लाव्हा आठ महिने वाहत होता. त्यावर आज गादीसारखं जाड शेवाळ आहे. एका पावलाचा ठसा भरून यायला काही दशकं लागू शकतात. उत्तरेकडच्या मीवात्न तळ्याजवळच्या उकळत्या चिखलाच्या भागात तर दोरीबाहेर जाऊच नका. फिकट रंगाची जमीन घट्ट दिसते, पण ती पातळ साय असते आणि खाली वाफ. रेक्यानेस भागात २०२१ पासून वारंवार उद्रेक झालेत. तिकडे जायच्या दिवशीच कुठले रस्ते बंद आहेत आणि वायू कुठल्या दिशेला वाहतोय, ते तपासा. नव्या लाव्हाचं वरचं काळं कवच निवलेलं वाटतं, आत तो तप्तच असतो.

राहिलं गंधकाचं. शॉवरच्या गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, ते पाणी खराब नसतं. प्यायला मात्र नळ थंडच सोडा. आणि गरम कुंडात उतरण्याआधी चांदी काढून ठेवा. मी विसरले, आणि माझी जोडवी काळी ठिक्कर पडली. घरी येऊन टूथपेस्टने घासली, तरी एका खाचेतलं काळं अजून तसंच आहे.