अ‍ॅप्रोच रडारवर बसायचंय? मग नुसतं अंतर नको, वेग बघायला शिका

एएआयची (भारतीय विमानतळ प्राधिकरण) ज्युनियर एक्झिक्युटिव्ह एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची जाहिरात आली की ओळखीतल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, क्लास लावू का, कटऑफ किती जाईल वगैरे. त्याची माहिती सगळीकडे मिळते. बीएस्सीला फिजिक्स-मॅथ्स, किंवा इंजिनिअरिंगच्या कुठल्यातरी सेमिस्टरला हे दोन विषय, वय 27 पर्यंत (आरक्षणात सूट आहे), ऑनलाइन परीक्षा, मग व्हॉइस टेस्ट, मानसिक चाचणी, मेडिकल. बेसिक 40 हजारापासून. ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद नाहीतर आपल्या गोंदियाला. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं, म्हणजे उद्या तुम्ही मुंबईसारख्या ठिकाणी अ‍ॅप्रोचला (उतरायला येणाऱ्या विमानांना रडारवरून रांगेत लावायचं काम) लागलात तर तिथे नेमकं काय बघायचं असतं ते.

आधी एक गैरसमज काढू. अ‍ॅप्रोच कंट्रोलर काचेच्या टॉवरमध्ये नसतो, तो आत रडारच्या स्क्रीनसमोर असतो, खिडकीतून विमान दिसत नाही. दिसतो तो एक ठिपका आणि त्याला चिकटलेलं लेबल, त्यात कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), उंची आणि ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग. नवीन माणूस दोन ठिपक्यांमधलं अंतर बघत बसतो. पुस्तकात तेच असतं ना, टर्मिनल एरियात (विमानतळाच्या आसपासच्या हद्दीत) रडारवर 3 मैल (नॉटिकल मैल) किंवा उंचीत 1000 फूट, दोन्हीपैकी एक हवंच. पण अंतर म्हणजे आत्ताची परिस्थिती. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन विमानं धोकादायक जवळ येण्याची वेळ, तयार होतो तो वेगाच्या फरकातून, आणि तो चार-पाच मिनिटं आधी दिसायला हवा.

मुंबईचंच घ्या. धावपट्ट्या दोन, 09/27 आणि 14/32 (दोन आकडे म्हणजे तिच्या दोन दिशा), पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. तासाला 45 च्या आसपास विमानं, उतरणारी आणि उडणारी मिळून. 8 डिसेंबर 2018 ला 24 तासांत 1007 झाली होती. आता समजा, पावसाळ्यात 27 चालू आहे, म्हणजे विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतायत, वारा पश्चिमेकडून 30 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). एक विमान फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, पश्चिमेकडे तोंड करून येतंय, दुसरं डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने, पूर्वेकडे चाललंय. दोघांना तुम्ही 200 नॉट वेग दिलाय, रीडबॅक (पायलटने सूचना परत म्हणून दाखवणं) बरोबर आलाय, तुम्ही निवांत. पण फायनलवाल्याला समोरून वारा म्हणून तो जमिनीवरून 170 ने सरकतोय आणि डाउनविंडवाल्याला मागून वारा म्हणून तो 230 ने, म्हणजे 60 नॉटचा फरक, दर मिनिटाला एक मैल. कोरड्या दिवसांत जिथे बेसला (डाउनविंडवरून फायनलकडे नेणारा आडवा टप्पा) वळवायची सवय लागलेली असते तिथे या वाऱ्यात वळवलं तर सगळं गणित बदलतं, बेसवरही वारा बाजूने ढकलत असतो. म्हणून लेबलमधला ग्राउंडस्पीड वाचायचा, आपण दिलेला आकडा नाही.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशन, म्हणजे पुढचं विमान हळू झालं की मधलं अंतर आपोआप आकसणं. फायनलवर दोघंही 160 वर आहेत, मध्ये साडेतीन मैल आहेत, छान दिसतंय. पुढचं विमान टचडाउनपासून (चाकं धावपट्टीला टेकतात ती जागा) 4 मैलांवर आलं की ते 135 वर येणार, येणारच, त्याला उतरायचंय. मागचं अजून 160 वरच आहे, 4 मैलांपर्यंत. हिशोब कागदावर करून बघा, मागचं 4 मैलांवर पोचेपर्यंत मधलं अंतर 3 च्या किंचित खाली गेलेलं असतं. कोणाचंच काही चुकलेलं नाही, तरी अर्धा मैल गेला! त्यामुळे फायनलवरचं अंतर ठरवताना हा अर्धा मैल आधीच धरायचा. त्यात पुढे 777 सारखं हेवी असेल तर मागच्या ए320 ला वेक टर्ब्युलन्समुळे (पुढच्या विमानामागे उठणारे हवेचे भोवरे) 5 मैल लागतात, आणि ए380 असेल तर 7. आणि मधे टॉवरला एखादं टेकऑफ सोडायचं असेल तर अजून जास्त. 8 जून 2024 ला मुंबईत एक विमान उतरत होतं आणि त्याच धावपट्टीवरून पुढचं विमान उडत होतं, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. एकाच धावपट्टीवर दोन्ही कामं चालतात तेव्हा मार्जिन किती बारीक असतं ते त्यात दिसतं.

वेग कमी करायचा तर लवकर करा. 20 मैलांवर 20 नॉट कमी केले तर पायलटलाही बरं आणि तुम्हालाही, तेच 8 मैलांवर करायला गेलात तर शेवटी व्हेक्टर (दिशा देऊन विमान रांगेतून बाजूला वळवणं) नाहीतर गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं). खाली उतरत असलेल्या जेटला 'उतर पण आणि वेग पण कमी कर' एकदम सांगितलं की दोन्ही नीट होत नाही, काय आधी हवंय ते सांगा.

ऐकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशात) 210 असतं आणि स्पीडही 210 असतो. एका दमात हेडिंग, लेव्हल (उंची), स्पीड तिन्ही फेकलं की चूक व्हायला जागा मिळते. त्यातून 532 आणि 523 अशा कॉलसाइनची विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर. रीडबॅक येत असताना पुढच्या विमानाचा विचार करायचा नाही, तो पूर्ण ऐकायचा, मगच पुढे. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीजवळच्या चरखी दादरीवर सौदीचं 747 चढत होतं, त्याला 14000 फूट दिले होते, कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीकडे उतरत होतं, त्याला 15000. ते 15000 च्या खाली गेलं आणि दोघं धडकली. 349 माणसं गेली. तेव्हा दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, कंट्रोलरच्या हातात फक्त पायलटचा शब्द होता. आज लेबलमध्ये उंची दिसते, तेव्हा 'दिली होती' यावर थांबू नका, विमान त्या उंचीवर खरंच थांबलंय का ते बघा.

आणि पायलट 'टीकॅस आरए' म्हणाला, म्हणजे विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्राने त्याला चढ किंवा उतर सांगितलंय, की त्या विमानाला चढ-उतार काहीही सांगायचं नाही, 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' येईपर्यंत. 1 जुलै 2002 ला जर्मनीतल्या युबरलिंगेनला एका विमानाला कंट्रोलरने उतरायला सांगितलं आणि यंत्राने चढायला, त्याच्या क्रूने कंट्रोलरचं ऐकलं, ते दुसऱ्या विमानाला धडकलं, 71 जण गेले. हा नियम सिम्युलेटरवर इतका घोटा की विचार करावा लागू नये.

तयारी म्हणून आत्तापासून एक करता येईल. 180 नॉट म्हणजे मिनिटाला 3 मैल, 240 म्हणजे 4. ग्लाइडपाथवर (धावपट्टीकडे उतरण्याची तिरकी वाट) मैलाला साधारण 300 फूट, म्हणजे 10 मैलांवर 3000 च्या आसपास. असे हिशोब गाडीत, बसमध्ये तोंडी करत राहा, कॅल्क्युलेटर नको. सिम्युलेटरवर पहिल्या आठवड्यात ज्यांची धांदल उडते ना, त्यातल्या बऱ्याच जणांना नियम येत असतात, हा तोंडी हिशोब वेळेत होत नसतो.