नवं शहर वसवायचंय? मग बिल्डिंगी सगळ्यात शेवटी

मुंबईत घर परवडत नाही म्हटलं की कोणीतरी लगेच बोलतंच, अरे मग लांब कुठेतरी नवीन शहर बांधून टाका ना. बांधा की, पण कशानंतर काय ते आधी नीट ठरवा. आपल्याकडे यातलं सगळ्यात मोठं उदाहरण नवी मुंबई, 1970 ला ती वसवायला सिडको ही सरकारी कंपनी काढली, 344 चौरस किलोमीटर जागा, 95 गावं. तिथे जे जमलं आणि जे फसलं त्यावरूनच लिहितोय.

पहिलं काम जमिनीचं, आणि इथे घाई केलीत तर पुढची कित्येक वर्षं कोर्टात आणि मोर्च्यात जाणार. नवी मुंबईसाठी आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं कवडीमोलाने घेतली, मग तिथले शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. त्यातलेही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांच्या नावाने कापतात म्हणजे हातात पावणेनऊच. तर वाटणी पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. एक रस्ता हडपसरच्या मगरपट्ट्याचा, तिथे शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र करून कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा शेअर. पण तिथे बरेच जण एकाच भावकीतले होते, सगळीकडे ते जुळत नाही (भावकीतही जुळत नाही म्हणा!). दुसरा रस्ता टीपी स्कीम, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. कायदा 1915 पासूनचा आहे: सगळ्यांची जमीन एकत्र धरायची, प्रत्येकाची थोडी थोडी कापून रस्ते, बागा, शाळा काढायच्या आणि उरलेला चौकोनी प्लॉट ज्याचा त्याला परत. अहमदाबादने याच्यावरच अख्खे भाग उभे केले, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना भागातही आता हेच चाललंय. माझं मत विचाराल तर हाच.

आणि गावठाणाभोवती जागा सोडा प्लीज. गावाच्या वेशीपर्यंत सगळं संपादित केलं की पोरांची लग्नं झाल्यावर त्यांनी राहायचं कुठे? मग गरजेपोटी घरं वाढतात, दोन घरांच्या मधून सायकल पण जात नाही अशी गल्ली होते, आणि पलीकडे साठ फुटी रस्ता रिकामा!

दुसरं, ट्रेन आणि नोकऱ्या, दोन्ही माणसांच्या आधी. वाशीचा खाडीपूल 70 च्या दशकात झाला पण लोकल आली 1992 ला, तोपर्यंत शहर रखडत होतं. मूळ कल्पनेत सरकारी कारभार खाडीपलीकडे न्यायचा होता, प्रत्यक्षात मंत्रालय हललंच नाही आणि तिकडे नरिमन पॉइंटला टॉवरवर टॉवर उभे राहिले. कांदा-बटाट्यापासूनचा घाऊक बाजार मात्र खरंच वाशी-तुर्भ्याला हलवला, तो चालला, कारण धंदा गेला की माणूस आपोआप मागे जातो. पैशाचं गणित पण बघून ठेवा, रेल्वेच्या खर्चातला 67 टक्के वाटा सिडकोने उचलला, कुठून तर प्लॉट विकून. म्हणजे स्टेशनजवळची जमीन सुरुवातीलाच स्वस्तात फुंकून टाकायची नाही, ट्रेन आली की भाव येतो, तेव्हा विका. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम 2011 ला सुरू होऊन गाडी धावली 2023 ला, तोपर्यंत तळोज्याचे फ्लॅटवाले रिक्षावर. असं करू नका.

तिसरं पाणी, प्यायचं पण आणि पावसाचं पण. प्यायच्या पाण्याचं धरण आधी नक्की करा, टँकरच्या भरवशावर ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, देऊ नका, संपला विषय. पावसाचं जास्त अवघड आहे. वाशी, नेरूळसारखे भाग भरतीच्या पातळीच्या खाली येतात, म्हणून खाडीलगत धारण तलाव केलेत. नाल्यांचं पाणी आधी तलावात येतं, तलावाच्या तोंडाला झडपा, भरती चढली की खाडीचं पाणीच त्या झडपा दाबून बंद करतं, ओहोटी लागली की तलावातलं पाणी आतून ढकलून बाहेर पडतं. पंप नसला तरी भागतं, भारी डोकं आहे. पण वर्षानुवर्षं गाळ काढला नाही, त्यात खारफुटी उगवली, आता खारफुटीला हात लावायचा तर कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे गाळ तसाच आणि तलाव उथळ. असं काही बांधलंत तर गाळ कोण, कधी, कुठल्या पैशातून काढणार ते प्लॅनमध्येच लिहा.

आता घरं. सगळे थ्री बीएचके काढलेत तर घरकाम करणाऱ्या ताई आणि रिक्षावाले शेवटी डोंगराच्या कडेला झोपड्याच टाकणार. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज जाऊन बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम, छोटे छोटे प्लॉट, सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे येतील तशी आपली खोली वाढवायची, शेजाऱ्याला विचारायला नको. नंतर बऱ्याच जणांनी पाडून मोठी घरं बांधली, बांधू देत, वाढायला जागा होती म्हणूनच बांधली ना.

शेवटचं, शहर कोणाच्या ताब्यात कधी द्यायचं ती तारीख. पनवेल महापालिका 2016 ला झाली आणि खारघर, कामोठ्यातले लोक विचारत बसले की सिडकोला सेवाशुल्क भरलंय मग पालिकेचा मालमत्ता कर परत कशाला. रस्ता, गटार, कचरा, बाग, एकेक गोष्ट कुठल्या महिन्यात हस्तांतरित होणार आणि त्या महिन्यापासून बिल कोण पाठवणार, हे पहिला फ्लॅट विकायच्या आधी करारात टाका.